शीतलचा नेम

माझ्या बायकोचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे, ही गोष्ट मला लग्नानंतर सात वर्षांनी, जर्मनीतल्या एका तळघरात, एका निवृत्त पोस्टमननं सांगितली.

तोवर आमचं बरं चाललं होतं. मी नेकारसुल्मजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होतो. माझं खातं दारांच्या रबराचं. गाडीचं दार लावल्यावर जो 'धप्प' असा श्रीमंत आवाज येतो ना, तो नीट यावा म्हणून मी दिवसभर दारं आपटायचो. (सासऱ्यांनी एकदा काळजीनं विचारलं होतं, "जावईबापू, याचा पगार देतात?") शीतल दातांची डॉक्टर. सांगलीत तिचा स्वतःचा दवाखाना होता. इथे मात्र तिच्या पदवीला मान्यता मिळेपर्यंत तिनं दुसऱ्या एका डॉक्टरच्या हाताखाली पेशंटच्या तोंडात नळी धरून उभं राहायचं, असं होतं. आणि ती मान्यता कुठल्याशा आम्टच्या, म्हणजे सरकारी कचेरीच्या, कपाटात वर्षानुवर्षं पिकत पडली होती. रेवा, आमची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, फक्त उत्तर जर्मनमध्ये यायचं.

आता जर्मनीत माणसाला फराइन लागतो. फराइन म्हणजे मंडळ. "तुम्ही कुठल्या फराइनमध्ये?" या प्रश्नावर "कुठल्याच नाही" म्हणालात, तर समोरचा अशा चेहऱ्यानं बघतो की जणू तुम्ही आंघोळ करत नाही! आमच्या गावात तीन फराइन होते. गाणाऱ्यांचा, ससे पाळणाऱ्यांचा आणि पिस्तूल नेमबाजांचा. मला गाता येत नाही, आणि सशांशी काय बोलावं ते सुचत नाही. राहता राहिले नेमबाज. शिवाय शाळेत मी एनसीसीत होतो आणि पाचपैकी पाच गोळ्या अचूक मारल्या होत्या, असं मी शीतलला बघायला गेलो तेव्हाच सांगून ठेवलं होतं. (मारल्या होत्या तीन. पण बघायच्या कार्यक्रमात पुरावा कोण मागतं?)

तर एका शनिवारी आम्ही तिघंही गेलो. रेवा वर कँटीनमध्ये सफरचंदाचा रस पीत बसली, आणि आम्ही खाली तळघरातल्या रेंजवर. तिथे आमचे गुरुजी उभे होते, निवृत्त पोस्टमन हेर (म्हणजे श्रीयुत) बॉयर्ले. वय सत्तरच्या आसपास, मिशी पांढरी, आवाज खर्जातला. ते श्वाबी, म्हणजे मूळचे याच भागातले. श्वाबी माणूस तोंडभरून स्तुती कधी करत नाही; त्यानं तुम्हाला झापलं नाही, तर ते कौतुक समजून घरी जायचं.

मी पाच गोळ्या झाडल्या. तीन कागदाला लागल्या. एक शेजारच्याच्या कागदाला लागली. पाचवी अजून सापडलेली नाही.

"बरं, बरं," हेर बॉयर्ले म्हणाले आणि माझ्या मागे बघू लागले. "फ्राऊ झोन्टाके, तुम्ही पण?"

(फ्राऊ म्हणजे श्रीमती, आणि आमचं आडनाव सोनटक्के. जर्मन जिभेवरून ते असंच घरंगळतं.)

"नको, मी नुसती बघायला आलेय," शीतल म्हणाली.

"पाचच गोळ्या."

शीतलनं हातातली पर्स माझ्या हातात दिली, कानांवर ते मोठे हेडफोन चढवले, पेशंटचा वरचा डावा जबडा बघावा तशी मान जराशी तिरकी केली आणि पाच वेळा चाप ओढला. घाई नाही, गडबड नाही. हेर बॉयर्ले दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग परत दुर्बिणीत बघितलं.

पाचही गोळ्या एका लिंबाएवढ्या जागेत!

"हेर झोन्टाके," ते म्हणाले, "बायको जास्त चांगली मारते."

"नवशिक्याचं नशीब," मी म्हणालो. पर्स माझ्याच हातात होती.

पण तसं नव्हतं. पुढचं वर्षभर दर शनिवारी आम्ही जायचो, आणि दर शनिवारी तिचं लिंबू लहान होत गेलं. माझ्या गोळ्या मात्र आपापल्या आवडीनुसार जात होत्या. मग हत्यारांच्या कायद्याची परीक्षा आली. शीतलची एकही चूक नाही. मी दुसऱ्या खेपेला सुटलो. "तुझं काम जास्त असतं ना," ती समजुतीनं म्हणाली. या समजूतदारपणाइतकी चीड मला दुसऱ्या कशाचीच आली नाही.

त्यानंतर हेर बॉयर्लेंनी आम्हाला त्यांच्या आवडीच्या खेळात ओढलं. यात एका जागी उभं राहायचं नसतं. कमरेला म्यान, म्यानात पिस्तूल. कानाशी एक यंत्र 'पीप' करतं की पिस्तूल काढायचं, पळायचं, लाकडी भिंतीआडून, खिडकीतून, गुडघ्यावर बसून समोरच्या पुठ्ठ्यांवर गोळ्या झाडायच्या, मध्येच मॅगझीन बदलायचं आणि पुन्हा पळायचं. शेवटी हिशेब सोपा, मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद. म्हणजे अचूक पण सावकाश मारणारा हरतो, आणि झटपट पण भलतीकडे मारणाराही हरतो. मी दोन्ही पद्धतींनी हरून बघितलं. काही दिवस तर सावकाश आणि भलतीकडे, असाही प्रयोग केला.

त्यात पांढरे पुठ्ठे असतात. ते सज्जन लोक, त्यांना गोळी लागली की गुण कापतात. माझ्या गोळ्यांना सज्जनांची ओढ फार! हेर बॉयर्ले चिकटपट्टीनं भोकं बुजवता बुजवता म्हणायचे, "हेर झोन्टाके, या बिचाऱ्यानं तुमचं काय केलंय?"

आणि शीतल? शीतल पळायची कशी, तर दुधाला उकळी आलीय आणि गॅस बंद करायचाय अशी. तडक, पण न धडपडता. थांबली की हात स्थिर. हेर बॉयर्लेंनी तिला स्वतःचं जुनं चामड्याचं म्यान भेट दिलं. एकदा तर ते तिला चक्क "झूपर!" म्हणाले. श्वाबी माणूस! झूपर! तिथे उभ्या असलेल्या एका जुन्या सभासदानं हातातली बिअर खाली ठेवली. चाळीस वर्षांत त्यानं हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता म्हणे.

मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

मग मी घरी चोरून सराव सुरू केला. फराइनचं पिस्तूल घरी आणता येत नाही, म्हणून शीतलचा केस वाळवायचा ड्रायर कमरेच्या पट्ट्यात खोचायचा आणि आरशासमोर झटकन बाहेर काढायचा. एका रविवारी शीतल फिरायला, निदान अंगणात तरी गेली असेल असं समजून मी आरशातल्या मला दरडावत होतो. रेवा सोफ्यावर उभी राहून "पीप!" करायची आणि माझ्या घड्याळावर वेळ मोजायची. पाचव्या 'पीप'ला ड्रायरची वायर दाराच्या मुठीत अडकली, ड्रायर हातातून निसटला, मी त्याच्यामागे गेलो आणि कपडे वाळत घालायचा स्टँड माझ्यामागे आला. मोज्यांच्या ढिगातून डोकं वर काढलं, तर दारात शीतल.

"काय चाललंय?"

"केस वाळवतोय."

तिनं माझ्या डोक्याकडे बघितलं. तिथे वाळवण्याजोगं फारसं काही नव्हतं.

"ममा," रेवा म्हणाली, "पापा द्राय झेकुंडन. दू आइन्स कॉमा फीअर!"

म्हणजे बाबांना तीन सेकंद, आणि तुला एक पूर्णांक चार. याचा अर्थ शीतलसुद्धा घरी सराव करत होती, आणि पोरीनं तिचीही वेळ मोजली होती! माझ्याच घरात, माझ्याच मुलीकडून!

ऑफिसातही तेच. पूर्वी कँटीनमध्ये युर्गन, माझ्या शेजारच्या टेबलाचा सहकारी, मला रबराबद्दल विचारायचा. आता ताटलीत बटाटे घेता घेता विचारायचा, "शीतल कशी आहे? काल किती आले तिचे?" मी सांगायचो. मग तो "टोल!", म्हणजे 'झकास!', म्हणून निघून जायचा. माझे किती आले, हे त्या सबंध वर्षात एकानंही विचारलं नाही. (विचारलं असतं तर सांगितलं नसतं, ती गोष्ट वेगळी.)

अशात जिल्ह्याची स्पर्धा आली. तो फुटबॉलच्या विश्वचषकाचा उन्हाळा. गाड्यांवर, गॅलऱ्यांत, कुत्र्यांच्या गळ्यात, सगळीकडे झेंडे. आमच्याकडे माझे सासरे, नाना, तीन महिन्यांसाठी आलेले. निवृत्त हेडमास्तर. मुलगी पिस्तूल चालवते हे ऐकून घाबरतील असं मला वाटलं होतं. (थोडी आशाही होती.) तर ते म्हणाले, "अहो, ही लहानपणी चिंचा पाडायची. एक दगड, एक चिंच!"

"नाना, हे लग्नाआधी सांगायचं होतंत!"

शीतलनं आम्हा दोघांची नावं एकाच अर्जावर भरली, स्वच्छ, निळ्या शाईनं. पहिली ओळ अजिंक्य सोनटक्के, म्हणजे मी. (नाव आत्यानं ठेवलं. आत्याला मी माफ केलेलं नाही.) दुसरी ओळ शीतल सोनटक्के. तिच्या ओळीत 'महिला विभाग' या चौकोनात एक फुली. "एवढा ऑफिसातून फॅक्स कर," ती म्हणाली.

दुपारी फॅक्सच्या मशीनजवळ युर्गन भेटला. त्यानं अर्ज बघितला आणि म्हणाला, "महिलांचा कप शीतलचाच, गेनाऊ, अगदी नक्की! आणि तू? तू गाडी चालवणार?"

तो गेला. मी मात्र त्या फुलीकडे बघत उभा राहिलो. मनात म्हटलं, हा कुठला न्याय? पुरुषांना वेगळा कप आहे का? समानतेचा जमाना आहे! तिनं सगळ्यांच्यात खेळावं, माझ्यासारखं. असे थोर विचार मनात चालू असताना माझा हात टेबलावरच्या व्हाइटनरकडे गेला. पाप तसं फार मोठं नव्हतं. सात मिलिमीटर बाय सात मिलिमीटर. मी त्यावर फुंकर घातली, वाळल्यावर फॅक्स केला आणि मूळ कागद घरच्या फाइलमध्ये लावून टाकला. जर्मनीत राहून एक सवय लागते, कागद कुठलाही असो, आपण तो फेकत नाही. चोरसुद्धा पुरावा पंच करून फाइलला लावतो!

स्पर्धेच्या दिवशी आम्ही चौघं आणि ती फाइल, असे गाडीतून गेलो. तिथे प्रत्येकाला गुणांचा कागद मिळाला. माझ्या कागदावर कोपऱ्यात एक मोठं 'D' छापलेलं होतं. शीतलच्या कागदावर काहीच नव्हतं.

"हे कसलं रे D?" तिनं विचारलं.

"डॉइचलंड," मी म्हणालो.

त्या उन्हाळ्यात जिकडे बघावं तिकडे जर्मनीचं D होतं. मला दुसरं काही सुचलंच नाही. उलट ऊर भरून आला. इतकी वर्षं इमानेइतबारे दारं आपटली, या देशानं आपल्याला स्वीकारलं, असं वाटलं. आणि शीतलला अजून नाही! मी तो कागद D वर राहील असा धरून हिंडलो.

मग माझी पाळी. पीप झालं. मी पिस्तूल काढलं, पळालो आणि सुसाट पळालो. इतका सुसाट की मधली एक अख्खी खिडकी विसरलो. त्या खिडकीत चार पुठ्ठे माझी वाट बघत उभे होते; ते तसेच कोरे राहिले. पुढच्या फेरीत गुडघ्यावर बसलो आणि उठताना गुडघा असा वाजला की पंचांनी यंत्राकडे बघितलं. तिसऱ्या फेरीत एकूण पाच सज्जन.

"जावईबापू पळतात छान," नाना रेवाला म्हणाले.

शीतलच्या फेरीला मात्र लोक हातातले सॉसेज घेऊन गोळा झाले. मी मागे उभा होतो. तिचं ते म्यानाशी गेलेलं बोट, तिरकी मान, एकामागून एक धाडधाड पडणाऱ्या निशाण्याच्या लोखंडी ताटल्या, आणि शेवटी लोकांनी एकदम सोडलेला श्वास. मलाही टाळी वाजवावीशी वाटली. हात वरसुद्धा आले होते. पण हेर बॉयर्लेंनी डोळे पुसलेले मी बघितले, आणि हात परत खिशात घातले.

संध्याकाळी बक्षीस समारंभ. सगळे लांब बाकांवर बसलेले. आयोजकांच्या फ्राऊ क्लाइन माइक घेऊन उभ्या. या बाई काटेकोर म्हणून प्रसिद्ध होत्या. आधी महिला विभाग. या वेळी महिला चारच, म्हणून चौघींनाही बोलावणार, खालून वर.

"चौथा क्रमांक," फ्राऊ क्लाइन म्हणाल्या, "फ्राऊ अजिंक्या झोन्टाके!"

म्हणजे कागदावरचं ते D डॉइचलंडचं नव्हतं; 'डामेन'चं, म्हणजे महिलांचं होतं!

"जावईबापू, तुमचं नाव घेतलं!" नाना उठून उभे राहिले. "काय म्हणाल्या?"

"चौथा नंबर, नाना."

"अरे वा! एवढ्या लोकांत! कशात?"

"तपशील नंतर सांगतो."

नानांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांचं बघून रेवानं, तिचं बघून सगळ्यांनी. मागून कुणीतरी मला ढकललं आणि मी चौथऱ्याशी पोचलो. फ्राऊ क्लाइननी हातातल्या यादीकडे बघितलं, मग माझ्या मिशीकडे, मग पुन्हा यादीकडे. पण यादी छापील होती आणि मिशी नव्हती. त्यांनी मला एक गुलाब, गुलाबी रिबीन बांधलेली सेक्टची, म्हणजे जर्मन शँपेनची, छोटी बाटली आणि एक प्रमाणपत्र दिलं. शेजारची तिसरी आलेली बाई माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. तिनं माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी जमेल."

तेवढ्यात शीतल पुढे आली. "माफ करा, काहीतरी घोळ आहे. महिला विभागात मी आहे. मी फुली मारली होती."

"फुली?" फ्राऊ क्लाइननी चष्मा लावून फॅक्स काढला. "इथे कुणाच्याच नावापुढे फुली नाही. मला वाटलं, नवराबायको आहेत, एक तरी महिला असणारच. म्हणून नावांवरून ठरवलं. आंद्रेआ, क्लाउडिया, मोनिका, अजिंक्या. बाईचं नाव 'आ'नं संपतं. शीतल हे पुरुषाचं."

सगळं अंगण हसलं. शीतल हसली नाही.

"अजिंक्य, मूळ अर्ज कुठाय?"

"असेल कुठेतरी."

"फाइलीत आहे!" नाना मदतीला धावले. त्यांनी फाइल आणलीसुद्धा. चाळीस वर्षांची हेडमास्तरकी. कागद लगेच सापडला.

शीतलनं कागद उजेडात धरला. दुसऱ्या ओळीत एक पांढरा ठिपका. तिनं अंगठ्याचं नख त्याच्या कडेला लावलं आणि दातावरचं किटण काढावं तसं हलकेच खरवडलं. एक पापुद्रा निघाला. दुसरा निघाला. खालून निळी फुली वर आली.

रेवानं विचारलं, "पापा, वारुम?"

का? या प्रश्नाचं जर्मन उत्तर मला येत नव्हतं. मराठीतलं येत होतं, तेच दिलं. "मला हेवा वाटला."

"काय म्हणाला?" हेर बॉयर्लेंनी शीतलला विचारलं. तिनं जर्मनमध्ये एका शब्दात सांगितलं. हेर बॉयर्लेंनी मान डोलावली. "मला पण वाटतो," ते म्हणाले. "पण मी फॅक्स करत नाही."

फ्राऊ क्लाइन काटेकोर खऱ्याच. त्यांनी तिथल्या तिथे यादी दुरुस्त केली. शीतल महिलांत पहिली, आणि सगळ्यांत मिळून नववी. मी सगळ्यांत मिळून कितवा, हे त्यांनी माइक बाजूला ठेवून, खासगीत सांगितलं.

परतताना गाडी शीतलनं चालवली. कप नानांच्या मांडीवर, गुलाब रेवाच्या हातात. शीतल म्हणाली, "इथे आल्यापासून सगळे तुलाच विचारतात, काम कसं चाललंय. तेव्हा मी शेजारी नुसती उभी असते. पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं रे."

मागून नाना म्हणाले, "जावईबापू, चुकलात. पण कबूल झटक्यात केलंत. तेवढा एक नेम बरोबर लागला."

शीतलच्या तोंडाचा कोपरा हलला. मी त्या संधीचा फायदा घेऊन म्हणालो, "शीतल, काय मारलंस आज! झूपर!"

"दुपारी टाळी वाजवली असतीस तर चाललं असतं," ती म्हणाली. पण त्यानंतर हसली.

राहता राहिलं माझं प्रमाणपत्र. ते मी परत करायला गेलो होतो, पण फ्राऊ क्लाइननी घेतलं नाही. चांगला जाड कागद, सही झालेली, शिक्का बसलेला. जर्मन माणूस असली वस्तू वाया घालवत नाही. शीतलनं ते फ्रेम करून घराच्या दारासमोर लावलं. तिचे पुढच्या वर्षांतले कप आतल्या खोलीत असतात. पुण्याहून पाहुणे आले की आधी ते प्रमाणपत्र बघतात आणि म्हणतात, "अरे वा, जर्मनीत चौथा नंबर! कितीजण होते?"

मी आता खोटं बोलत नाही. "चारजणी," म्हणतो, "आणि त्यांतली चौथी मी."